कान गेले मागावर, भरपाई कोणाकडे मागायची?

गेल्या रमजान ईदला आम्ही इचलकरंजीला खालाच्या घरी गेलो होतो. दारातूनच टीव्हीचा आवाज ऐकू आला, तोही इतका मोठा की शेजारच्या घरात वेगळा टीव्ही लावायची गरज नसावी. खालूंनी नेहमीसारखं हसून स्वागत केलं, ईद मुबारक झालं, शिरखुर्म्याच्या वाट्या आल्या. पण गप्पा काही रंगेनात. आम्ही एक विचारावं आणि खालूंनी भलतंच उत्तर द्यावं. मध्येच खाला म्हणाली, "त्यांच्या डाव्या बाजूला बसू नका, उजव्या कानाशी बोला." धाकटी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ती स्वयंपाकघरातून पुटपुटली, "अब्बांना ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. बाजारात पाठवायची सोय राहिली नाही."

सगळे हसले. खालूही हसले, पण थोडं उशिरा. बाकीचे का हसत आहेत, ते चेहऱ्यांवरून वाचायला त्यांना तेवढा वेळ लागला.

खालूंचं वय अठ्ठेचाळीस. एकोणिसाव्या वर्षी ते यंत्रमागावर उभे राहिले, ते आजपर्यंत. एकोणतीस वर्षं, बारा-बारा तासांच्या पाळ्या, एका वेळी सहा ते आठ माग. घरात सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं आहे की वयानं कान जातातच. काही नातेवाईक म्हणतात, ते मुद्दाम ऐकत नाहीत. खालाचंही तेच मत होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि त्यातली दहा तरी याच भांडणात गेली, असं ती सांगते.

वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी घरांत असे एक अब्बा, चाचा किंवा मामू असतील. कुणी मागावर, कुणी कोल्हापूरच्या फाउंड्रीत, कुणी पत्रा ठोकण्याच्या कामावर, कुणी दगडाच्या खाणीत किंवा क्रशरवर. रत्नागिरी-रायगडकडच्या वाचकांना जहाजाच्या इंजिनरूममध्ये उमेद घालवून गावी परतलेले बुजुर्ग आठवतील. मशिदीत ते पहिल्या सफेत जाऊन बसतात, कारण मागे बसलं तर खुतबा समजत नाही. या बहिरेपणाला कायद्यानं व्यवसायजन्य रोग मानलं आहे आणि त्याची नुकसानभरपाई मिळू शकते, हे त्यांच्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. खरं सांगायचं तर त्या ईदपर्यंत आम्हालाही ते नीट माहीत नव्हतं.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी सुरू केला. तेव्हापासून गावाचं पोट या मागांवर चालतं. आता बिनधोट्याचे नवे माग आले आहेत, पण जुने साधे माग अजून हजारोंनी आहेत. त्यात लाकडी धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि दर वेळी आपटतो. असे वीस-तीस माग पत्र्याच्या एका शेडमध्ये चालू असले की आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं, नाहीतर हातवारे. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी तर ओठांच्या हालचालींवरून बोलणं ओळखण्याची एक वेगळी बोलीच तयार केली होती. आपले जुने माग मुळात त्याच लँकेशायरच्या धाटणीचे.

आपल्याकडच्या कारखाना नियमांनी आवाजाची मर्यादा घालून दिली आहे. नव्वद डेसिबलच्या आवाजात आठ तास, पंचाण्णवला चार तास आणि शंभरला फक्त दोन तास. म्हणजे खालू ज्या शेडमध्ये बारा तास उभे राहतात, तिथं कान उघडे ठेवून नियमानं दोन तासच उभं राहता येतं.

आवाजानं कान कसे जातात हे आम्हाला कान-नाक-घशाच्या एका डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. कानाच्या आतल्या शंखाच्या आकाराच्या भागात केसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. सतत मोठा आवाज आदळत राहिला की त्या थकतात, मग मरतात. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही, त्यावर ना औषध ना ऑपरेशन. आणि हे दुखत नाही, हीच खरी अडचण. बोट मशीनमध्ये गेलं तर रक्त येतं, आरडाओरडा होतो, मालकही धावत येतो. कान जातात ते गुपचूप.

आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, च, फ, थ ही अक्षरं त्याच पट्टीतली. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. "ओरडू नकोस, ऐकू येतंय, पण काय म्हणतेस ते कळत नाही," हे खालूंचं नेहमीचं वाक्य. खालाला तो बहाणा वाटायचा. श्रवणचाचणीचा आलेख काढला की चार हजार हर्ट्झच्या जवळपास एक खड्डा दिसतो. तो खड्डा आवाजानं गेलेल्या कानाची ओळख आहे. वयानं गेलेल्या कानाचा आलेख सहसा उतरणीसारखा एकसारखा खाली जातो. डॉक्टरांनी खालूंचा आलेख खालाला दाखवला तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "म्हणजे हे नाटक नव्हतं."

ही गोष्ट नवी नाही. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहून ठेवलं आहे की दिवसभर तांबं ठोकून ठोकून त्यांचे कान जातात. आपल्या गावोगावच्या तांबट आळ्यांतही हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्याचा मोबदला मिळणं वेगळं.

आता कायद्याकडे वळू. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी आहे आणि आवाजामुळे येणारा श्रवणदोष तिच्या ‘ब’ भागात आहे. त्याच मालकाकडे किमान सहा महिने सलग अशा कामावर असलेल्या कामगाराला हा दोष आला, तर तो कामावर झालेला अपघातच समजला जातो. त्यात मालकाची चूक होती की नव्हती हे पाहिलं जात नाही. विजेवर चालणाऱ्या कारखान्याला कामगारांच्या संख्येची अटही इथं नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे चोवीस मागांचं एकच शेड कागदावर बायकोच्या, भावाच्या आणि मेहुण्याच्या नावानं तीन शेडं होऊन बसतं, आणि मग ‘आमच्याकडे कायदा लागू नाही’ असं सांगितलं जातं. इतर कायद्यांत ती पळवाट चालत असेल, पण भरपाईच्या बाबतीत चालत नाही. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. रोगांची यादी आणि मोजणीचा सांगाडा मात्र तोच आहे.

ज्यांच्या पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते त्यांचा रस्ता निराळा. दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या योजनेत येतात. त्यांनी मालकाकडे नाही, तर कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे अर्ज करायचा. महामंडळाचं वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात रक्कम मिळत राहते. कायम अपंगत्वासाठी पूर्ण दर मजुरीच्या ९० टक्के आहे, अंशतः नुकसान असेल तर त्याच प्रमाणात कमी. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे पगाराच्या पावतीवर ईएसआयचा आकडा आहे का ते पाहणं. खालूंना पावतीच मिळत नाही, त्यामुळे हा प्रश्न लगेच सुटला.

भरपाई किती, हे सगळे विचारतात. मुलीनं वहीत हिशेब मांडला तो असा. खालूंची मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या कापडावर; सरासरी महिना १४ हजार धरू. हिशेबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५ हजारच धरतात, मग प्रत्यक्षात ती कितीही असो. पूर्ण बहिरेपणा कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात शंभर टक्के अपंगत्व म्हणून लिहिलेला आहे. त्याला मजुरीचे ६० टक्के, म्हणजे ८,४०० रुपये, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. अठ्ठेचाळीस वर्षांना तो १५९.८० आहे. गुणाकार येतो १३,४२,३२०. खालू पूर्ण बहिरे नाहीत. समजा डॉक्टरांनी कमाईच्या क्षमतेचं नुकसान ३५ टक्के ठरवलं, तर रक्कम होते ४,६९,८१२ रुपये. वेळेत दिली नाही तर त्यावर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

आकडा ऐकून खालू म्हणाले, "एवढे पैसे मालक देईल होय? तो मला उद्याच घरी पाठवेल." त्यांची भीती खोटी नाही. शिवाय मालक अगदी सरळ प्रश्न विचारेल, "हा तर अजून त्याच मागांवर काम करतोय, तेवढंच कापड काढतोय, मग याचं नुकसान काय झालं?" बरेच दावे इथंच अडखळतात. पण कायम अंशतः अपंगत्वाची कायद्यातली व्याख्या आजच्या कामापुरती नाही. तो माणूस अपघाताच्या वेळी जी जी कामं करू शकत होता, त्या सर्वांतली कमाईची ताकद घटली का, हे पाहायचं असतं. खालूंना आता वॉचमन होता येणार नाही, रिक्षा चालवणं धोक्याचं, दुकानात गिऱ्हाईक सांभाळता येणार नाही. माग बंद पडला तर त्यांना दुसरं दार उघडं नाही. डॉक्टरांच्या दाखल्यात हे स्पष्ट लिहून घ्यायला हवं. नुसता ‘दोन्ही कानांनी कमी ऐकू येते’ एवढाच शेरा असला तर त्याचा फार उपयोग होत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्र ही आणखी वेगळी गोष्ट आहे आणि पुष्कळ लोक इथं गोंधळतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर ‘ऐकण्यास कमी’ आणि ७० किंवा जास्त असेल तर ‘बहिरा’. त्या प्रमाणपत्रावरचे टक्के आणि भरपाईसाठी लागणारे कमाईच्या क्षमतेचे टक्के एकच नव्हेत. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. उलट प्रमाणपत्र मिळण्याइतके कान जाईपर्यंत थांबणं म्हणजे वर्षं वाया घालवणं.

मुदतीचंही असंच. दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, पण कान काही एका तारखेला जात नाहीत, मग दोन वर्षं मोजायची कुठून? माणूस कामावर येतच राहिला असेल, म्हणजे रोगामुळे घरी बसला नसेल, तर त्यानं मालकाला अपंगत्वाची नोटीस दिली त्या दिवसापासून दोन वर्षं मोजतात. काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा आढळली तो दिवस धरतात. म्हणून ज्यांनी अलीकडेच माग सोडला आहे त्यांनी फार थांबू नये. ज्यांना सोडून दहा-पंधरा वर्षं झाली, अशा बुजुर्गांच्या बाबतीत खोटी आशा दाखवणं आम्हाला बरं वाटत नाही. त्यांची वाट अवघड आहे. ब्रिटनमध्ये निदान काम सोडल्यावर पाच वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. मात्र तिथं अशा कामावर किमान दहा वर्षं घालवलेली असावी लागतात आणि दोन्ही कानांत ५० डेसिबलची हानी दाखवावी लागते. आपली सहा महिन्यांची अट त्या मानानं कितीतरी सौम्य आहे. आपल्याकडे दावे होत नाहीत, हा त्या अटीचा दोष नाही.

ते किती कमी होतात, याचा अंदाज एका नोंदीवरून येतो. नागपूरच्या राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्थेतल्या दोन संशोधकांनी २००८ साली लिहिलं आहे की १९४८ पासून हा रोग भरपाईपात्र असूनही देशात पहिली भरपाई मिळाली ती थेट १९९६ साली. मध्ये अठ्ठेचाळीस वर्षं गेली. खालूंचं सगळं आयुष्य तेवढंच आहे.

खालूंच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण कागदाची होती. हजेरीपत्रक नाही, नेमणूकपत्र नाही. मुलीनं घरातला लोखंडी पेटारा उघडला. दिवाणजीनं लिहिलेल्या मजुरीच्या जुन्या वह्या त्यात होत्या, कडेला मीटर आणि पिकाचे आकडे, खाली आद्याक्षरांची सही. गेल्या चार-पाच वर्षांची मजुरी मालकाच्या मोबाइलवरून खात्यात जमा झालेली, त्याची नोंद बँकेच्या पासबुकात. शिवाय दिवाळीच्या बोनसवेळी शेडमध्ये काढलेले फोटो. एक कांडीवाला आणि एक जॉबर साक्ष द्यायला तयार झाले. जॉबरचे स्वतःचे कान खालूंपेक्षा वाईट आहेत, हे त्याला आमच्याशी बोलताना कळलं.

वाचकांपैकी कुणाला ही तपासणी करायची असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. पाळी संपवून थेट दवाखान्यात जाऊ नका. आवाजातून बाहेर पडल्यावर काही तास कान तात्पुरते बधिर असतात आणि आलेख खऱ्यापेक्षा वाईट येतो. मग समोरचा वकील तोच आलेख खोटा ठरवतो. सुट्टीचा दिवस शांततेत घालवून दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाण्याआधी तपासणी करावी. मोठ्या सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय जवळ पडतं. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. वाणी आणि श्रवणदोषासाठीच ती १९८३ मध्ये उभी राहिली आणि एकेकाळी महाराष्ट्राचे राज्यपाल असलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला दिलं आहे. नोटीस लेखी द्यावी, पोचपावतीसह टपालानं पाठवावी आणि पावती जिवापाड जपावी. ‘भरपाई मागणार नाही’ असं मालकानं आधी लिहून घेतलं असेल तर घाबरू नका, तो कागद कायद्यानं निरर्थक आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्यानं औद्योगिक कामगाराला तिथं मोफत वकील मिळतो. भारतात नोंदणी असलेल्या कंपनीनं भरती करून आखातात किंवा इतरत्र कामाला पाठवलेला माणूसही भरपाईच्या कायद्याखाली येतो, हे आखाती नोकरीतल्या भावांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावं.

आमच्या वाचकांत मागवालेही आहेत, फक्त कामगारच आहेत असं नाही. आठ मागांचा मालक स्वतःच मागावर उभा असतो, कर्जात असतो, आणि चार-पाच लाखांचा बोजा त्याला खरोखर झेपणार नाही. खालूंच्या मालकाबद्दलही आमच्या मनात राग नाही. त्याचे वडीलही याच शेडमध्ये बहिरे झाले. अशा मालकांसाठी कामगार भरपाईचा विमा मिळतो. तो घेताना व्यवसायजन्य रोग त्यात धरले आहेत का हे विचारून घ्यावं. आगीचा विमा आपण घेतोच ना? आणि त्याआधी कानात घालायचे स्पंजचे बोळे आणावेत. ते चहा-वड्याच्या पैशांत येतात. कापसाचा बोळा कोंबून काही होत नाही, त्यातून आवाज सरळ आत जातो. बोळे घातले तर धागा तुटल्याचा आवाज कळत नाही, अशी कामगारांची तक्रार असते. ती पहिले पंधरा दिवस खरी असते, पुढं डोळ्यांना आणि हाताला सवय होते.

खालूंनी नोटीस द्यायला दोन महिने लावले. घरात रोज वाद. खाला म्हणायची, मुलीच्या लग्नाचं जमेपर्यंत थांबा, लोकांना कळेल. मुलगी म्हणायची, माझ्या लग्नासाठी अब्बांचे कान गप्प बसवू नका. शेवटी एका शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर ते मुलीसोबत टपाल कचेरीत गेले. कारकुनानं काहीतरी विचारलं. खालूंनी पिनकोड सांगितला. त्यानं विचारलं होतं वजनाचे पैसे सुटे आहेत का. मुलीनं पैसे दिले.

नोटीस मिळाल्यावर मालकानं दोन दिवस काही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं खालूंना बोलावलं, माग बंद करायला लावून शांततेत बसवलं आणि विचारलं, "माझे वडील असते तर त्यांनाही मिळाली असती का?" विम्याच्या माणसाशी बोलून सांगतो, असं तो म्हणाला. ते बोलणं अजून झालेलं नाही. आयुक्तांकडे दावा दाखल करायचा की आणखी एक महिना वाट पाहायची, यावर घरात पुन्हा वाद सुरू आहे. खालू मात्र रोज कामावर जातात. आता कानात पिवळे बोळे असतात. शेडमधल्या सहा जणांनी त्यांच्याकडून डॉक्टरांचा पत्ता लिहून घेतला आहे.